कॉपीला नाकं मुरडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्याकडच्या एका प्रदर्शनात एका पोरीने ऑईलमध्ये (तैलरंगात) केलेलं पोर्ट्रेट भिंतीवरून उतरवलं, कारण काय तर सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याच्या चित्राची कॉपी आहे, ओरिजिनल नाही. अहो, विकायला ठेवलं नव्हतं, खाली स्पष्ट लिहिलं होतं की अभ्यासासाठी केलंय!

आणि हे भुसावळात. अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं कॅनव्हासवर ऑईलमध्ये उतरवणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1879 साली गेला, त्याची कबर इथेच आहे. त्याच्या बहुतेक कॉप्या 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, मग 1872 पासून मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सनी विद्यार्थी घेऊन तेच काम परत सुरू केलं, आणि त्या विद्यार्थ्यांतला पेस्तनजी बोमनजी पुढे पोर्ट्रेटमध्ये केवढा नावाजला.

आता खरी तक्रार. आपल्याकडे कॉपी म्हणजे मोबाईलवर फोटो, त्याच्यावर ग्रिड (चौकटी आखून), आणि डोळा डोळ्यासारखा आला की झालं. त्याने हात बसतो, नाही असं नाही, पण ऑईल येत नाही. ऑईलमध्ये थर महत्त्वाचे. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला ब्राऊन, तो सुकू द्यायचा, मग वरच्या थरात जवस तेल वाढवत न्यायचं, उलटं केलं की पुढे तडे जातात.

रेम्ब्रांचं 1628 च्या सुमाराचं सेल्फ पोर्ट्रेट बघा, आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, जेमतेम 23 बाय 19 सेंटीमीटर. जवळजवळ अख्खा चेहरा सावलीत, उजेड फक्त गाल, कानाची पाळी आणि मानेवर. आणि केसांच्या बटा? रंग ओला असतानाच ब्रशच्या दांडीने खरवडल्यात! हे नुसतं बघून कळत नाही, स्वतः एकदा खरवडून बघावं लागतं, तेव्हा समजतं की रंग जरा जास्त सुकला तर बट उठतच नाही (आपल्या मे महिन्यात तर काय विचारता).

म्युझियमच्या साइटवर हे चित्र मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड होतं, तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचनालयांनी अशी दहा-बारा चित्रं मूळ मापात प्रिंट करून लावावी आणि समोर बसून कॉपी करू द्यावी, खर्च काही फार नाही. फक्त फ्लेक्सवर काढू नका, त्यात सावलीतला ब्राऊन काळाठिक्कर येतो आणि मग पोरं सरळ काळी ट्यूब पिळतात.

आपला,
एक हौशी चित्रकार, भुसावळ