नियतीचा जोडीदार आणि नकाराची सोय

महोदय,

समलिंगी प्रेमाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरचा पुरवणीतला लेख वाचला. या प्रकारातली मुख्य अडचण मात्र त्यात राहून गेली, ती म्हणजे नियतीने ठरवलेला जोडीदार. इंग्रजी वेअरवुल्फ, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या, कादंबऱ्यांत बऱ्याचदा दोन पुरुष भेटतात, वासावरून एकमेकांना ओळखतात आणि ५० पानांतच जन्माची गाठ पक्की! मग उरलेल्या पानांचं करायचं काय? लेखक शत्रूची टोळी आणतो आणि प्रेमकथा हाणामारीत हरवते. शिवाय नकारच देता येत नसेल, तर होकाराला अर्थ काय? गाठ नाकारता येते, पण जबर किंमत देऊन, हा नियम पहिल्या चौथाईतच मांडला की साध्या प्रसंगांनाही ताण येतो. शेवटी सोयीसाठी तो मोडला, तर वाचक चिडणारच.

चिनी 'दानमेई', म्हणजे पुरुषांमधल्या प्रेमाच्या, कादंबऱ्या यात सरस. तिथे ओढ शेकडो पानं मुरत जाते. २०२१ च्या डिसेंबरपासून अमेरिकेतल्या सेव्हन सीज प्रकाशनाने त्यांचे इंग्रजी अनुवाद छापायला घेतले. एकाच पात्राला जन्मनाव, आदरनाव आणि उपाधी असल्याने नवखा वाचक गोंधळतो. पात्रसूचीच्या पानावर खूण घालूनच सुरुवात करावी.

– एक वाचक, नाशिक