मोबाईल कोणत्या महिन्यात बनला ते घ्यायच्या आधी कळू द्या : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला. बसस्टँडच्या बाजूला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, बारा वर्षं झाली. फोल्डर (म्हणजे स्क्रीन-टच) बदलणं, चार्जिंग जॅक, बॅटरी, पाण्यात पडलेले फोन, दिवसभर हेच काम. मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण एक गोष्ट वर्षभरापासून डोक्यात आहे आणि ती तुमच्याच खात्याची आहे म्हणून लिहितोय.

डिसेंबर २०२४ मध्ये जवळच्या खेड्यातल्या एक काकू फोन घेऊन आल्या. फोनची पाठ वर आलेली, स्क्रीन एका बाजूनं उचललेली. "भाऊ, याची पाठ कावून वर आली गा? पोरगी म्हणते हात नको लावू, फुटते म्हणते." मी म्हटलं काकू, बॅटरी फुगली, किती दिवस झाले घेऊन? "मांगच्या दिवाईच्या सेलमधी पोरीनं ऑनलाइन मागवला. वरीस-सव्वा वरीस झालं असन." वॉरंटी एक वर्षाची, ती संपून दोन महिने झालेले. फोन १०,४९९ रुपयांचा. त्या हंगामात म्हणजे २०२३-२४ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७०२० रुपये क्विंटल होता, म्हणजे हमीभावानं धरलं तरी दीड क्विंटल कापूस, आणि काकूंनी पहिल्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीवाल्याला त्याहूनही कमीच भावात दिलेला. पोरगी अकरावीत, तिच्यासाठी घेतला होता.

सव्वा वर्षात बॅटरी इतकी फुगायला नको, म्हणून मी विचारलं खोकं आहे का घरी. "हाये ना, त्यातच तं बँकेचं पासबुक ठेवतो मी." दुसऱ्या दिवशी त्या खोकं घेऊन आल्या. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात बनवल्याचा महिना होता, जुलै २०२१. घेतला ऑक्टोबर २०२३ ला. म्हणजे काकूंच्या घरी येईपर्यंत तो फोन सव्वादोन वर्षं कुठल्या तरी गोडाऊनमध्ये पडून होता.

मी त्यांना ते वाचून दाखवलं तं त्या म्हणाल्या, "म्हणजे मले जुना देल्ला काय?" मी म्हटलं वापरलेला नाही काकू, पण बनून दोन वर्षं झाली होती. "मंग घ्यायच्या आंधी कावून नाई सांगतलं?"

साहेब, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर मी शोधलं आणि जे सापडलं ते पुढे लिहितोच, पण आधी हे सांगतो की ही तारीख एवढी महत्त्वाची का, कारण पुष्कळ लोकं म्हणतात की सीलपॅक फोनला काय होते, तो काय दूध आहे का नासायला.

आमच्याकडचा शेतकरी मृगाच्या आधी कृषी केंद्रात जातो तेव्हा कपाशीचं पाकीट हातात घेतल्याबरोबर उलटवतो. लॉट नंबर पाहतो, मुदत कधीपर्यंत आहे ते पाहतो, बिलावर लॉट नंबर लिहून घेतो आणि पाकीट रिकामं झालं तरी बिलासोबत जपून ठेवतो, कारण उगवलं नाही तं तक्रारीला तेच कामी येते. फवारणीच्या औषधाच्या डबीवर बनवल्याची आणि संपायची दोन्ही तारखा. मोटारसायकलच्या आरसी बुकात बनवल्याचा महिना-वर्ष लिहिलेलं असते आणि जुनी गाडी घेताना भाव त्याच्यावरच ठरतो. टायरवर सुद्धा चार आकडे कोरलेले असतात, २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा, पंक्चरवाला पोरगा पण ते वाचून सांगते. दहा हजाराच्या मोबाईलचंच वय तेवढं लपून राहते.

आणि मोबाईल पडून पडून म्हातारा होतोच, मी रोज उघडतो म्हणून सांगतो. आतली लिथियम बॅटरी वापरली नाही तरी झिजते. थंड जागेत, २५ डिग्रीच्या आसपास आणि अर्धवट चार्ज करून ठेवली तं वर्षाला चार-पाच टक्के ताकद जाते, पण ४० डिग्रीत फुल चार्ज ठेवली तं एका वर्षात तिसरा हिस्सा जाऊ शकतो. कंपन्या म्हणूनच अर्धवट चार्ज करून पॅक करतात. पण दोन-दोन वर्षं पडून राहिलेल्या बॅटरीचा तो अर्धा चार्जही हळूहळू उतरत जाते, आणि पार खाली जाऊन तशीच पडून राहिली की आतून खराब होते, मग चार्जिंगला लावल्यावर फुगायचा धोका वाढते. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या शेडमधल्या गोडाऊनचं काय होत असन ते तुम्हीच समजून घ्या. वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून मोजतात, बॅटरी तं बनली त्या दिवसापासून वय मोजत असते.

दुसरी गोष्ट अपडेटची. बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअर आणि सिक्युरिटी अपडेटची वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आलं तिथून, तुम्ही घेतलं तिथून नाही. काकूंच्या फोनचं मॉडेल २०२१ च्या सुरुवातीचं, तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट, म्हणजे घेतल्यावर जेमतेम तीन-चार महिन्यात अपडेट बंद. त्याच फोनवर पोरीचं शिक्षण, त्याच फोनवर काकूंची पीएम किसानची केवायसी, ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी. सरकारनंच सगळं फोनवर आणलं साहेब, त्याबद्दल तक्रार नाही, सोय झाली, पण मग तो फोन किती जुना आहे हे कळायचा हक्क पण पाहिजे ना.

आता कोणी म्हणन की माहिती काढायची असन तं निघते. मी काढतो, कशी काढतो ते सांगतो.

पहिलं खोकं, तिथं महिना छापलेला असतो, पण ऑनलाइन घेताना खोकं पैसे दिल्यावर हातात येते आणि सेकंडहँड फोनसोबत तं खोकं येतच नाही. मग लोकं *#०६# दाबून आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर काढतात आणि मला विचारतात यावरून सांग. १५ आकडे असतात, पहिले ८ मॉडेलचे, पुढचे ६ त्या एका सेटचे, शेवटचा ताळा जुळवायचा. त्यात तारीख नाहीच. कोणी सेटिंगमध्ये जाऊन कर्नल व्हर्जनसमोरची तारीख दाखवते, ती सॉफ्टवेअर तयार झाल्याची असते, अपडेट आलं की ती पण बदलते, या एका गोष्टीवरून मी कितीतरी लोकांना फसताना पाहिलं, दोन वर्षं वापरलेला फोन "हा पहा याच वर्षीचा" म्हणून गळ्यात मारतात. काही कंपन्यांच्या सीरियल नंबरात वर्ष-महिन्याचं एक एक अक्षर लपवलेलं असते, पण त्याची चावी ग्राहकाला कोणी देत नाही आणि ती पद्धत कधीही बदलते. अ‍ॅपलच्या जुन्या १२ अक्षरी नंबरावरून आठवड्यापर्यंत सांगता येत होतं, २०२१ पासून ते कोणताही क्रम नसलेले नंबर द्यायला लागले, संपलं ते.

शेवटचा उपाय माझ्यासारख्याचा. मागचं कव्हर हिटगननं गरम करायचं, ओपनरनं उघडायचं, बॅटरीच्या लेबलवर बहुतेक वेळा तारीख छापलेली असते, मदरबोर्डवर कोपऱ्यात वर्ष-आठवड्याचे आकडे असतात. दोन्ही जवळपास असले की समजायचं बॅटरी ओरिजिनल आहे आणि फोन त्याच सुमाराचा. बोर्ड २०२० चा आणि बॅटरी २०२३ ची निघाली की समजायचं आधी कोणीतरी उघडला. हे मला येते, पण यासाठी फोन फाडावा लागते, वॉरंटी जाते, आणि गावातल्या माणसानं फोन घ्यायच्या आधी हे कसं करायचं?

फोनच्या आतच ही माहिती दाखवता येते, अशक्य नाही. आयफोन १५ पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंगमध्येच बॅटरी कधी बनली आणि पहिल्यांदा कधी वापरली ते दिसते. गुगलच्या नव्या पिक्सेल फोनमध्ये पण बॅटरीची तारीख दिसते. पण हे महागडे फोन, आमच्या तालुक्यात दहा-बारा हजाराचेच चालतात.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. वैधमापन म्हणजे वजन-मापाच्या कायद्यातल्या पॅकबंद वस्तू नियम २०११ प्रमाणे पाकिटावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे. चांगला नियम आहे. २०१७ मध्ये त्यात ऑनलाइन विक्रीसाठी दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०१८ पासून लागू. ती म्हणते की पाकिटावरच्या सगळ्या बंधनकारक गोष्टी वेबसाइटवर दाखवा, बनवल्याचा किंवा पॅक केल्याचा महिना-वर्ष सोडून. नियम ६, पोटनियम १०. एमआरपी दाखवा, कंपनीचा पत्ता दाखवा, फक्त तारीख नाही दाखवली तरी चालते. मी हे तीन वेळा वाचलं कारण मला खरं वाटत नव्हतं. काकूंना कोणी सांगितलं नाही कारण सांगायचं कायद्यानंच बंधन ठेवलं नाही.

मला यामागचं कारण पण समजते. गोडाऊनमध्ये एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या महिन्यातले सेट असतात, पेजवर कोणती तारीख टाकणार. मान्य. पण ऑनलाइन मागवलेल्या फोनच्या बिलावर आयएमईआय छापून येते, माझ्याकडे येणाऱ्या बिलांवर मी रोज पाहतो. म्हणजे कोणता सेट कोणाला चालला हे पाठवणाऱ्याला पाठवायच्या आधी माहीत असते. मग त्याच ओळीत महिना छापा, आणि सेट गोडाऊनमधून निघायच्या आधी मेसेज टाका की तुमचा फोन अमुक महिन्याचा आहे, नको असन तं आताच रद्द करा. पेजवर निदान एवढं तरी लिहा की या स्टॉकमधला सर्वात जुना सेट कोणत्या महिन्याचा आहे. आमचा किराणावाला तेलाचा जुना पुडा असला तं सांगून दोन रुपये कमी करून देतो, एवढंच करायचं आहे.

नियम दिल्लीचा आहे हे मला माहीत आहे. पण वैधमापनचे निरीक्षक तुमच्या खात्याचे आहेत, दरवर्षी आमच्या बाजारात वजनकाटे तपासून शिक्का मारतात, त्या लोकांबद्दल आदर आहे. त्यांनी मोबाईलच्या दुकानात पण यावं, खोक्यावरचा महिना वाचता येतो की त्यावर दुसरा स्टिकर चिकटवला ते पहावं. आणि तुम्ही महाराष्ट्र सरकारतर्फे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला लिहावं की पोटनियम १० मधली ती सूट मोबाईलसारख्या बॅटरीवाल्या वस्तूंपुरती तरी काढा. महाराष्ट्रानं लिहिलं तं ते पत्र बाजूला पडणार नाही.

सेकंडहँडवाल्यांसाठी आणखी एक मार्ग तयारच आहे. केंद्राच्या दूरसंचार खात्याची संचार साथी सेवा आहे, इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर मेसेज केला की कंपनी, मॉडेल आणि तो नंबर चालू आहे की ब्लॉक केलेला ते येते. मी प्रत्येक जुना फोन घेताना हे करतो, चोरीचा माल यातून कळते, फार उपयोगी सेवा आहे. आणि १ जानेवारी २०२३ पासून भारतात बनलेल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय पहिल्या विक्रीच्या आधी सरकारच्या पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणजे नोंद सरकारकडे येतेच आहे साहेब. नोंदवतानाच बनवल्याचा महिना भरून घ्या आणि त्या मेसेजच्या उत्तरात एक ओळ वाढवा. बटनवाल्या फोनवरून पण मेसेज जाते, इंटरनेट लागत नाही, आमच्या खेड्यात रेंज एकच दांडी असते तिथं पण चालते.

युरोपात २० जून २०२५ पासून नवीन मोबाईलला नियम लागला की त्या मॉडेलचा शेवटचा सेट कंपनीनं बाजारात आणल्यापासून पुढे पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के टिकली पाहिजे. आपल्याकडे ते कधी होईल तेव्हा होईल. मी फक्त महिना आणि वर्ष मागतोय, घ्यायच्या आधी.

काकूंच्या फोनला मी नवीन बॅटरी टाकून दिली, ९०० रुपये लागले, मजुरी घेतली नाही. कंपनीला मेल केला होता, वॉरंटी संपली एवढंच उत्तर आलं. अपडेट काही परत येणार नाही. पोरगी आता बारावीला आहे, फोन तोच वापरते. खोक्यावरच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो मी काकूंना विचारून या पत्रासोबत जोडलाय, नाव-पत्ता झाकला आहे, दोन तारखा तेवढ्या दिसतात. तुमच्या खात्याकडून उत्तर आलं तं ते मी त्यांना वाचून दाखवणार आहे, त्या दर बाजाराच्या दिवशी विचारतात.

आपला,
एक मोबाईल दुरुस्ती करणारा
ता. राळेगाव, जि. यवतमाळ