आधी तपासणी करा, मग गहू सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पोटाच्या तक्रारींवर लेख होता, त्यात 'पंधरा दिवस गहू आणि दूध बंद करून बघा, फरक आपोआप कळेल' असं ठळक अक्षरात छापलंय. ते वाचून आमच्या इंदूरच्या रामबागेत काही घरांत लगेच पोळ्या बंद झाल्या, म्हणून हे पत्र. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल हो, पण क्रम उलटा सांगितलाय. मी डॉक्टर नाही, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचे, म्हणजे पेशंटच्या अंगातून तपासणीला काढलेले, तुकडे मेणात बसवायचे, कापायचे, रंगवून स्लाइड करायच्या यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

सीलिअ‍ॅक नावाच्या आतड्याच्या आजाराचंच घ्या. लोक याला सरसकट गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात, पण ती वेगळी, तिच्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास लागतो. सीलिअ‍ॅकमध्ये असं काही दिसत नाही. गहू, जव आणि राय यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रोटीनमुळे आपलीच इम्युनिटी आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतड्याच्या आत अन्न शोषून घेणारे जे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात ते हळूहळू झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. जुलाब होतीलच असंही नाही, कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या कितीही गोळ्या घेऊन वर येत नाही, कुणाच्या मुलाची उंची वर्गात सगळ्यात मागे राहते, कुणाची हाडं कमी वयात ठिसूळ. उत्तर भारतातल्या गहू खाणाऱ्या भागात शंभरातल्या साधारण एकाला हे असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. आपला माळवाही आता गव्हावरच जगतो, पूर्वी ज्वारी-मका होता तो कधीच मागे पडला.

याची पहिली तपासणी म्हणजे रक्तातली टीटीजी आयजीए ही अँटीबॉडी, मग एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले तुकडे. आणि इथेच तुमचा सल्ला आडवा येतो. या दोन्ही तपासण्या पेशंट रोज गहू खात असतानाच करायच्या असतात. गहू सोडला की रक्तातल्या अँटीबॉडी उतरायला लागतात, आतडं भरून यायला लागतं, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, कारण रोगाचा पुरावाच पुसला गेलेला असतो. मग डॉक्टर म्हणतात परत काही आठवडे गहू खा आणि या, आणि ज्याला गहू सोडून नुकतं कुठे बरं वाटायला लागलंय त्याला परत पोळी खायला लावणं म्हणजे शिक्षाच. जनुकांची एचएलए तपासणी गहू सोडल्यावरही करता येते, पण ती निगेटिव्ह आली तर सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच एवढं कळतं, पॉझिटिव्ह आल्यावर रोग आहेच असं म्हणता येत नाही.

आता कुणी म्हणेल की गव्हाचा संबंध लागला तोही सोडून बघूनच की! बरोबर आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा सीलिअ‍ॅकची मुलं सुधारली आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा बिघडली, डिकेंची गव्हावरची शंका त्यातून पक्की झाली. पण तेव्हा रक्ताची तपासणी नव्हती, आज आहे. शिवाय इंदुरात गहू सोडणं म्हणजे काय ते आपल्याला माहितीये, पोळीबरोबर कचोरी, समोसा, जलेबी, बाफले सगळंच जातं, मग पोट हलकं वाटणारच, त्यासाठी सीलिअ‍ॅक असायला नको.

दुसरं, अन्ननलिकेचा एक आजार आहे, इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, डॉक्टर लोक इओई म्हणतात. वेगळा आजार म्हणून याची ओळखच १९९० नंतर पटली, त्यामुळे पुरवणीत तो नसला तर नवल नाही. माझ्या भाच्याला हा आहे. लहानपणापासून घास चावत बसायचा, प्रत्येक घासावर पाणी, आणि घरात सगळे त्याला 'हळूबाई' म्हणून चिडवायचे, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालूच. दमा पण होता, या पेशंटमध्ये दमा, सर्दीची अ‍ॅलर्जी, एक्झिमा पुष्कळदा असतोच. एका लग्नात पनीरचा तुकडा छातीत असा अडकला की लाळही गिळता येईना, रात्री दुर्बिणीने काढावा लागला. त्याच्या आधी एकदा एंडोस्कोपी झाली होती पण नळी वरून ठीक दिसली म्हणून बायोप्सी घेतलीच नव्हती. या आजारात नळी वरून ठीक दिसू शकते, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून निदान सहा तुकडे घ्यायचे असतात. निरोगी अन्ननलिकेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जवळजवळ नसतातच, मायक्रोस्कोपच्या मोठ्या पॉवरच्या एका गोलात १५ किंवा जास्त दिसल्या की संशय पक्का. स्लाइडवर त्या लालचुटुक दिसतात, चुकायचं कारणच नाही, पण तुकडाच आला नाही तर टेक्निशियन काय रंगवणार.

या आजाराचे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे दूध, गहू, अंडं, सोया, दाणे-सुकामेवा, मासे. (सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच गावात आहे, हे आपलं जाता जाता.) पूर्वी सहाच्या सहा बंद करायचे, आता बरेच डॉक्टर आधी फक्त दूध बंद करून बघतात. पण बघतात म्हणजे कसं, तर काही आठवड्यांनी परत एंडोस्कोपी करून तुकडा तपासतात, कारण पेशंटला बरं वाटतंय आणि नळीतली सूज मात्र तशीच आहे असं होतं, आणि याच्या उलटही होतं. 'फरक आपोआप कळेल' हे वाक्य मला खटकलं ते यासाठी. तो नेहमी कळत नाही हो. आणि पथ्य एकटंच नाही, कुणाला अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनीच सूज उतरते, कुणाला दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड तोंडात मारून गिळायला देतात आणि वर अर्धा तास पाणी नाही. आमचा मेडिकलवाला तर हुज्जत घालायला लागला की हे ओढायचं असतं, गिळायचं नसतं!

तान्ह्या बाळांचं थोडक्यात. अंगावर पिणाऱ्या, एरवी हसत्या-खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात तेव्हा पुष्कळदा आईच्या आहारातल्या गाई-म्हशीच्या दुधाचं प्रोटीन कारण असतं. डॉक्टरच्या देखरेखीत आईने दूध-दही-पनीर थांबवलं की बहुतेक वेळा रक्त थांबतं, वर्षभरात बऱ्याच बाळांचं ते सुटतंही. त्यासाठी अंगावरचं दूध तोडायचं नसतं. आणि हे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्यापेक्षा वेगळं आहे, तुमच्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात कोंबलीयेत.

मोठ्यांच्या शीमधून रक्त गेलं तर आपल्याकडे निदान ठरलेलं, मूळव्याध. असेलही. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या सुजेचे आजार असेच वर्षानुवर्षं मूळव्याधीच्या मलमाखाली दडून राहतात. क्रोन्समध्ये आपल्या देशात अजून एक घोळ, आतड्याचा टीबी हुबेहूब तसाच दिसतो, दोन्हीत ग्रॅन्युलोमा (पेशींचा गाठीसारखा पुंजका) सापडतो, आणि टीबी असताना चुकून क्रोन्सचं स्टेरॉइड गेलं तर टीबी भडकतो. म्हणून तिथे डॉक्टर वेळ घेतात, बायोप्सी परत मागतात, त्यावर चिडू नये. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रोटीन तपासलं की आतड्यात सूज आहे का एवढं तरी आधी कळतं.

आता जाहिरातीबद्दल. त्याच पानावर, लेखाच्या खाली, 'रक्ताच्या एका थेंबात दोनशे पदार्थांचा इनटॉलरन्स' अशी जाहिरात होती. यातल्या बऱ्याच टेस्ट आयजीजी नावाची अँटीबॉडी मोजतात आणि आयजीजी वाढलंय म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी या टेस्टवरून पथ्य ठरवू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. पोळी रोज खाणाऱ्याचा गहू लाल रंगात येणार, त्यात शोध कसला. जाहिरात तुमच्या धंद्याचा भाग आहे मान्य, पण लेखाच्या खालीच?

सीलिअ‍ॅक खरंच निघालं तर मग गहू आयुष्यभर बंद, आणि पुरवणीने खरं लिहायला हवं होतं ते इथे. आपले पोहे तांदळाचे, सेव बेसनाची, भुट्ट्याचा कीस मक्याचा, सगळं चालेल असं वाटतं, पण बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि हिंग सेवेत, हिंग किसाच्या फोडणीत, हिंग त्या पोह्यांवर भुरभुरलेल्या जीरावन मसाल्यात. दुकानात पोहे आणि जलेबी एकाच ठेल्यावर, तोच चमचा. ज्वारी घरची पण चक्कीवर गव्हानंतर दळली तर पहिलं पीठ गव्हाचंच. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, तेव्हा हे अंदाजाचं काम नाही. यात एक सोय मात्र आपल्याकडे आयती आहे, उपासाचं सामान, राजगिरा, शिंगाडा, भगर, साबुदाणा, यात ग्लुटेन नाही, फक्त पीठ घरच्या मिक्सरवर काढा आणि कढई पुरीची नको. ज्याला सीलिअ‍ॅक निघालं त्याच्या सख्ख्या भावंडांची, मुलांची रक्ततपासणीपण करून घ्या, त्यांना त्रास नसला तरी.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात, गहू सोडण्याआधी टीटीजी करून घ्या असं छापा. आणि ज्यांनी मागच्या रविवारपासून सोडलाय त्यांच्यासाठीही एक ओळ घाला, की तपासणीला जाल तेव्हा गहू कोणत्या तारखेपासून बंद आहे ते डॉक्टरला आधी सांगा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रामबाग, इंदूर