रक्तदाबाच्या वहीचे शेवटचे पान

लीड्स, इंग्लंड
दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो मिळाला. एरवी सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब लिहिता त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आईच्या नैराश्याच्या प्रश्नावलीचे दोन आकडे तारखांसह आहेत, १७ आणि ११, आणि त्यांच्याखाली तुम्ही पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे, "म्हणजे बरी झाली की नाही?" फोनवर हे बोलणे होत नाही, कारण आई "मी बरी आहे गं" म्हणते आणि लगेच मटकीला मोड आले की नाहीत यावर येते. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डॉक्टरांनी दिलेला कागद म्हणजे पीएचक्यू-९ ही प्रश्नावली, आणि येथे आमच्या उपचार केंद्रातही आम्ही रोज तीच वापरतो. मागच्या दोन आठवड्यांत मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप, भूक, थकवा असे नऊ त्रास किती दिवस जाणवले, एवढेच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि एकूण २७. दहा किंवा अधिक झाले की मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र आणि वीसपासून तीव्र नैराश्य समजतात. आईची सुरुवात १७ पासून झाली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी आरोग्यसेवेत नैराश्य आणि चिंता यांच्यावर बोलून उपचार करणारी केंद्रे आहेत. तेथे "सुधारणा झाली" आणि "बरे झाले" या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. पीएचक्यू-९ चे गुण निदान ६ ने उतरले तरच तो फरक खरा धरतात, कारण दोन-तीन गुण एखाद्या चांगल्या झोपेनेही हलतात. आईचे बरोबर ६ उतरले आहेत. चिंतेच्या सात प्रश्नांच्या जीएडी-७ मध्ये ४ गुणांची घट पुरते, आणि तुम्ही मागे सांगितल्याप्रमाणे तिचे १३ चे ९ झाले आहेत. तेव्हा सुधारणा निश्चित आहे. मात्र "बरे झाले" म्हणण्यासाठी पहिला आकडा १० च्या खाली आणि दुसरा ८ च्या खाली, असे दोन्ही एकाच वेळी यावे लागतात, आणि तेथवर ती अजून पोचलेली नाही. ११ पाहून औषध लागू पडत नाही असे समजू नका, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू देऊ नका. पूर्ण बरे वाटल्यानंतरही त्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि बंद करायच्या झाल्या तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतात.

काका म्हणतात की दिवस गेले की माणूस आपोआप सावरतो. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही, आणि नुसते आधीचे व नंतरचे आकडे पाहून निर्णय करणे धोक्याचे आहे ते त्यामुळेच. माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा त्रास शिगेला पोचल्यावर, आणि तेथून काही जण उपचाराविनाही खाली येतात. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी मला फार मोलाचा वाटतो. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तेथे नैराश्याच्या रुग्णांना थोड्याच बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्णांचे पीएचक्यू-९ चे गुण दहाच्या खाली आले होते, तर केवळ डॉक्टरांच्या नेहमीच्या देखरेखीखाली असलेल्या गटात ३९ टक्क्यांचे. काका म्हणतात ते या ३९ मध्ये दिसते, आणि बैठकांनी काय साधले ते उरलेल्या अंतरात. एकट्या आईच्या बाबतीत यातला कोणता वाटा कशाचा हे सांगता येणार नाही, आणि तिला बरे करण्यासाठी ते सांगता येण्याची गरजही नाही.

एक गोष्ट तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. येथल्या पहिल्या हिवाळ्यात मीच असा कागद भरत होते. समुपदेशक बाई इतक्या मनापासून ऐकत की तिसऱ्या बैठकीपासून त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी माझे गुण कमी लिहू लागले. आकडा १४ वरून ८ वर आला. पण त्याच आठवड्यात मी दोन दिवस कामावर गेले नव्हते आणि सिंकमध्ये चार दिवसांची भांडी पडली होती. बाईंनी कागद बाजूला ठेवून "काल दिवसभर काय केलेस?" असे विचारले, तेव्हा मला रडू आवरेना. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून हे लपवले होते, त्याबद्दल क्षमा करा. आज मी ठीक आहे, हे मनापासून लिहीत आहे.

आईही तसेच करील. तुम्ही शेजारी बसून मोठ्याने प्रश्न वाचलेत तर ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देईल. कागद तिचा तिला भरू द्या, दर पंधरा दिवसांनी, साधारण त्याच वेळी, आणि तुम्ही तेवढा वेळ गॅलरीत बसा. "आज राहू दे" म्हणाली तर आग्रह करू नका, पण ती तारीख कोरी म्हणून वहीत असू द्या. पूर्वी अनेक ठिकाणी फक्त पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत कागद भरून घेत. ज्यांनी मध्येच येणे सोडले त्यांचा शेवटचा कागद नसेच, आणि त्यांची सुधारणा बहुधा कमी असल्यामुळे उपचारांचे फळ होते त्याहून गोड दिसे. येथे दर बैठकीला कागद भरून घेतात तो याच कारणाने. थकवा आणि झोपेचे गुण मात्र तिच्या थायरॉइडमुळेही वाढू शकतात, तेव्हा ती तपासणी लांबवू नका.

नवव्या प्रश्नाचे उत्तर बेरजेत मिसळण्यापूर्वी वेगळे पाहा. मरण बरे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, याबद्दलचा तो प्रश्न आहे. तेथे शून्याखेरीज काहीही दिसले तर एकूण आकडा कितीही लहान असो, तिला सरळ आणि शांतपणे विचारा, एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर माणूस भेटतो, पैसे पडत नाहीत.

हे पत्र आईलाही वाचायला द्या. वही तिचीही आहे, आणि कोणत्या गोष्टीला बरे होणे म्हणायचे हे तिनेच ठरवायला हवे. मला आठवते ते असे की ती पहाटे पर्वतीला जाई, वर टेकून दोन मिनिटे शहराकडे पाही आणि उतरताना भजनी मंडळातल्या बायकांशी बोलत बसल्यामुळे तुमचा चहा थंड होई. पुढच्या पंधरवड्याचा कागद भरून झाला की फोटो पाठवा, आणि ती कुठल्या पायरीपर्यंत जाऊन आली तेही आकड्याशेजारी लिहा. गेलीच नसेल, तर तसे लिहा.

तुमची,
मेधा