डोळ्यातील बाहुलीचे इंग्रजी नाव

महोदय,

डोळ्याच्या मधोमध दिसणाऱ्या काळ्या छिद्राला इंग्रजीत ‘प्युपिल’ म्हणतात आणि विद्यार्थ्यालाही तोच शब्द आहे. हा योगायोग नसून दोन्ही अर्थ एकाच लॅटिन कुळातले आहेत. लॅटिनमध्ये ‘प्यूपा’ म्हणजे मुलगी किंवा बाहुली. तिच्या लघुत्वदर्शक रूपावरून ‘प्यूपिला’ हे या छिद्राचे नाव पडले, कारण समोरच्याच्या डोळ्यात निरखून पाहिले की आपलेच इवलेसे प्रतिबिंब तेथे दिसते. ‘प्यूपिलस’ म्हणजे पालकाच्या देखरेखीखालचा अनाथ मुलगा, आणि त्यावरून पुढे शिकणारे मूल. ग्रीकांनीही या जागेला ‘कोरे’, म्हणजे मुलगी, म्हटले. संस्कृत ‘कनीनिका’ या शब्दातही लहान मुलगीच आहे आणि मराठीत तर आपण सरळ ‘बाहुली’ म्हणतो. हे साम्य मला विलक्षण वाटते. वस्तुतः ते प्रतिबिंब छिद्रात नसून त्यापुढच्या पारदर्शक पटलावर उमटते. मागच्या काळोखामुळे ते उठून दिसते इतकेच. इंग्रजी माध्यमातील मराठी मुलांना जीवशास्त्रात हा शब्द शिकवताना शिक्षकांनी त्याच्या शेजारी ‘बाहुली’ हा शब्दही आवर्जून सांगावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे