आईच्या ऑपरेशनबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, "दुखत नाही तर कापायचं कशाला? सोयाबीन निघू दे, दिवाळीनंतर बघू," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. म्हणून लिहायला बसले.

आईचं हे नेहमीचं अपेंडिक्स नाही. त्याचं तोंड बंद होऊन आत चिकट, बुळबुळीत द्रव साठलाय. डॉक्टर त्याला म्युकोसील म्हणतात. एरवी अपेंडिक्स ६ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. १५ च्या वर गेलं की हा संशय घेतात. आईचं २८ आहे. सोनोग्राफीत आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, सीटीत भिंतीवर चुन्याची बारीक रेघ. हजार अपेंडिक्स काढली तर दोन-तीनच अशी निघतात, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या यात नवल नाही.

आणि हे फवारणीमुळे नाही हो बाबा. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की नावाच्या डॉक्टरने १८४२ मध्येच हे लिहून ठेवलंय. तेव्हा कुठली आली फवारणी!

भीती आहे ती फुटण्याची. फुटलं तर द्रव पोटभर पसरतो, त्यातल्या पेशी जागोजागी चिकटतात आणि आणखी द्रव करत राहतात. मग तासन्‌तास चालणारं ऑपरेशन, वर पोटात गरम केमो फिरवायचं. आत्ता अख्खं निघालं तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. म्हणून आई, बेंबी सरकली म्हणत पोट चोळून घेणं आजपासून बंद. त्या मावशींचा हात कितीही हलका असू दे.

घाटी रुग्णालयातले सर्जन आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करतील, कारण कधीकधी मोठ्या आतड्यातही गाठ सापडते. मग दुर्बिणीने, फुगलेल्या भागाला चिमटा न लावता, पिशवीत घालून बाहेर. जमत नाही असं दिसलं तर पोट उघडणार. टाके किती यावरून आईने तिथे वाद घालायचा नाही. मुळाशी साफ असेल तर फक्त अपेंडिक्स जाईल. तपासणीत कॅन्सर निघाला तर उजवीकडचं मोठं आतडं काढावं लागू शकतं. हे लपवून ठेवणं मला जमणार नाही.

सोयाबीनला मजूर मी बघते, पैसे इथून पाठवते. म्हशीचं दादा बघेल. येताना केशरी रेशनकार्ड, आधार आणि सीटीच्या फिल्म आणा. फिल्मची घडी घालू नका.

तुमची,
सुनीता