५२ व्होल्टवर ५० व्होल्टचा कपॅसिटर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला दिला, जळून बसला, त्याबाबत.

महोदय,

आपल्या नागपूरच्या अधिकृत सेवा केंद्राशी आज सकाळी अठरा मिनिटं फोनवर बोललो. आता बोलणं पुरे. यापुढे सगळं लेखी.

सेट १९८६ चा, आपल्याच कंपनीचा. वडिलांनी बर्डीच्या बाजारातून घेतलेला, पावती अजून आहे. गेल्या हिवाळ्यापासून दोन्ही स्पीकरमधून घूं येत होता, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. शंभर हर्ट्झचा हम म्हणजे विजेतली घरघर गाळणारे फिल्टर कपॅसिटर वाळले, हे मी आपल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत तो कळतही नाही. पण आमच्याकडे वसंतराव देशपांड्यांची एलपी लावली की एक बाजू संपेपर्यंत कूलर बंद, ही वडिलांपासूनची रीत. वीस-बावीस मिनिटं घाम पुसत ऐकायचं, आणि तानेच्या मागे घूं.

जॉबकार्डवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं: फिल्टर कपॅसिटर दोन, १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ डिग्रीचे. स्पीकर प्रोटेक्शनचा रिले बदलणे. काढलेले पार्ट परत देणे. सुवाच्य अक्षरात, मराठीत.

सत्तेचाळीस दिवसांनी सेट मिळाला. बिल जीएसटीसकट ४,१३० रुपये, कामाचं वर्णन ‘जनरल सर्व्हिस’. जुने पार्ट नाहीत. नवव्या रात्री आतून फट् झालं, कुजक्या मासळीसारखा वास सुटला आणि पाठोपाठ डाव्या वूफरमधून धूर. झाकण उघडून पाहिलं. कपॅसिटर ४,७०० चे, ५० व्होल्टचे, ८५ डिग्रीचे. या मॉडेलची रेल, म्हणजे या कपॅसिटरवर येणारा व्होल्टेज, अधिक-उणे ५२ व्होल्ट आहे. सर्किट आपलंच आहे, काढून बघा. रात्री आमच्या भागात लाइन २४५ वर जाते, तेव्हा ५२ चे ५५ होतात. तेही हिटसिंकला खेटून, मे महिन्यात, नागपुरात. बिचारा नऊ दिवस टिकला.

कपॅसिटरचं एक वेळ सोडून देईन. रिलेचं नाही. सेट बिघडला तर स्पीकर तोडून वाचवायलाच तो असतो. त्याचे काँटॅक्ट काळे पडले होते, म्हणून तर बदलायला सांगितला होता. आपल्या माणसाने काय केलं? पीसीबीच्या खालून दोन तारा डागून रिलेच बायपास केला. फ्यूजच्या जागी खिळा ठोकतात, तसा. उणे बाजूचा कपॅसिटर गेला, आउटपुटवर डीसी आला, आणि तो अडवायला कोणी नव्हतं. व्हॉइस कॉइल, म्हणजे वूफरमधली तारेची गुंडाळी, जळाली. मीटरवर आता काहीच दाखवत नाही. त्या वूफरचा फोम कुजला होता तेव्हा मी स्वतः दोन रविवार बसून नवा चिकटवला होता, हे जाता जाता.

आता आजचा फोन. मी विचारलं, रिलेला जंपर का मारला?

“सर, खराब होता ना तो.”

म्हणून तर बदलायला दिला होता.

“भेटत नाही सर तो पार्ट.”

चोवीस व्होल्टचा दोन काँटॅक्टचा रिले. मागितला असता तर मीच बर्डीवरून आणून दिला असता, असं म्हटलं.

“काका, तुम्ही काऊन एवढं मनावर घेऊन राहिले? आवाज तर येऊन राहिला होता ना?”

हो, येत होता. नऊ दिवस.

“मग! एक काम करा, सेट इकडे जमा करा. साउंडबारवर पाचशे कमी करून देतो. ब्लूटूथ आहे त्याच्यात.”

मी विचारलं, त्याला फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची सोय, आहे का? पलीकडे शांतता. मग हात माइकवर ठेवून कोणाला तरी विचारल्याची कुजबुज. मग हसण्याचा आवाज, दोघांचा. आणि मग, “आजोबा, इतक्या वर्षांत पैसे वसूल झाले असतीन ना? अजून किती दिवस ऐकता?”

मी एकसष्ट वर्षांचा आहे. फोन लागला तेव्हा मी सर होतो, मध्येच काका झालो, ठेवताना आजोबा. आपल्या सेवा केंद्रात माणूसही कपॅसिटरइतक्याच वेगाने म्हातारा होतो, असं दिसतं. संयम ठेवून लिहायचं ठरवलं होतं. असो.

याच कंपनीने १९८६ मध्ये सेटच्या खोक्यात सर्किट डायग्राम घडी करून घातला होता. घेणारा माणूस सेट जपेल, उघडेल, दुरुस्त करेल, असं तेव्हा आपल्याला वाटत होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे. आपल्या सेवा केंद्राने तो बघितला असता, तर ५० व्होल्टचा कपॅसिटर हातात धरला नसता. आणि रिलेला जंपर तर आयटीआयचं पोरगंही मारत नाही.

मला साउंडबार नको. ४,१३० रुपये परत हवेत. वूफरला नवी व्हॉइस कॉइल आपल्या खर्चाने. जुने कपॅसिटर परत, आणि रिलेबाबत लेखी खुलासा. दुरुस्ती मी आता आपल्याकडून करून घेणार नाही, त्याची काळजी नसावी.

पंधरा दिवस वाट पाहीन. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्याशा रकमेला फी लागत नाही. जॉबकार्डची प्रत, बिल, फुटलेला कपॅसिटर आणि त्या दोन तारांचे फोटो तयार आहेत. तारा मी काढलेल्या नाहीत.

आपला,
१९८६ पासूनचा ग्राहक
धरमपेठ, नागपूर

ता.क. हे पत्र लिहीत असतानाच आपल्याकडून साउंडबारच्या सवलतीचा मेसेज आला. माझा नंबर त्या यादीतून काढावा.